आपल्याकडे आहे!

वडोदऱ्याच्या मराठी माणसाला परदेश दाखवणं अवघड. काहीही दाखवलं तरी ते त्याच्या गावात आधीपासून असतं. आमचे नाना जन्मापासून दांडिया बाजारातले. सयाजीराव महाराज 1887 साली युरोपला जाऊन आले, बघण्यासारखं सगळं बघितलं, आवडलं ते बडोद्यात आणलं. आता पुन्हा तिकिटं कशाला काढायची, असं त्यांचं सरळ म्हणणं. तरी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही त्यांना इटलीला नेलं. बरोबर माझे सासरे दादा, कोल्हापूरचे. दोन व्याही एका विमानात बसवण्याआधी माणसानं पत्रिका बघावी. नानांच्या बॅगेत लीलो चेवडो आणि भाखरवडी, दादांच्या बॅगेत कांदा-लसूण मसाला, आणि दोघांचेही कपडे माझ्या बॅगेत.

व्हेनिसला सेंट मार्कच्या चर्चमध्ये सगळं जग मान वर करून सोनेरी छत बघत होतं. नाना खाली वाकून फरशी बघत होते.

"लक्ष्मी विलासच्या दरबार हॉलची फरशी ह्यांच्याच माणसांनी बसवली, दादासाहेब. व्हेनिसहून आले होते."

हे खरं आहे. फेलिची नावाचा इटालियन शिल्पकारही बडोद्यात काम करून गेला. त्याचे पुतळे राजवाड्यात आहेत. पण नाना इतिहासापाशी थांबतात थोडेच! सेंट मार्कची फरशी जागोजाग खचून वरखाली झाली आहे. नानांनी तीवर चार पावलं टाकली आणि निकाल दिला, "आपली सपाट आहे."

"ह्यांची आठ-नऊशे वर्षांची आहे, नानासाहेब," दादा म्हणाले. "तुमची तेवढी झाली की बघायला येतो."

पिसाचा मनोरा कलता आहे, एवढं सांगून पुढे जातो. सगळे पर्यटक त्याला हातानं टेकू दिल्याचे फोटो काढत होते. दादांनी साफ नकार दिला. घरची गच्ची गळत असताना दुसऱ्याच्या इमारतीला हात लावणार नाही म्हणाले.

आईला मात्र इटली पहिल्याच दिवशी पटली. तिला हॉटेलच्या न्हाणीघरात कमोडशेजारी बिडे दिसलं. इटलीत 1975 पासून घरात ते असलंच पाहिजे असा नियम आहे, हे मी सांगितल्यावर ती म्हणाली, "सुधारलेले लोक आहेत." नंतर रोमचं कलोसियम बघूनही तिनं एवढं चांगलं मत दिलं नाही.

नानांचं भांडण झालं ते जेवणाच्या बिलाशी. माणशी 'कोपेर्तो' असा एक आकार लावला होता. खाल्लं नाही, प्यायलो नाही, नुसते बसलो त्याचा. नाना चिडले की गुजरातीत शिरतात. "बेसवाना पैसा?" आयुष्यभर गाडीपाशी उभं राहून सेव-उसळ खाल्लेला माणूस तो! दुसऱ्या दिवशी त्यांनाच शोध लागला की इथे कॉफीही काउंटरशी उभ्यानं घेतली तर स्वस्त पडते. तेव्हापासून आम्ही इटली उभ्यानं बघितली.

सिएनाजवळ एका शेतावरच्या घरात उतरलो होतो. सरूची झाडं, द्राक्षांचे मळे, आणि जेवण रात्री आठच्या आधी नाही. टस्कनीचा पाव अळणी असतो. त्यात मीठ घालतच नाहीत. पहिला घास घेऊन दोन्ही व्याही एकमेकांकडे बघू लागले. मग दादा उठले, बॅगेतून मसाला आणला, बशीत ऑलिव्हच्या तेलात कालवला. नानांनी न बोलता वरून चेवडा पेरला. घराच्या मालकीणबाई हे दुरून बघत होत्या. त्यांनी तुकडा बुडवून खाल्ला, खोकल्या, डोळे पुसले आणि दुसरा तुकडा घेतला. नंतर बरणी टेबलावरच राहिली, आणि सकाळी बरीच खाली गेली होती.

फ्लॉरेन्सला दादांचा दिवस होता. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी इथे वारले, जेमतेम वीस वर्षांचे. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथे कॅशिने बागेच्या पार टोकाला छत्री आहे, खाली महाराजांचा अर्धपुतळा. शेजारच्या पुलाचंही नाव 'इंदियानो'. उन्हातान्हात एवढं चालून गेल्यावर दादांनी टोपी काढून नमस्कार केला आणि मग हळूच नानांकडे बघितलं. नाना गप्प. हे आपल्याकडे नव्हतं.

तेवढ्यात माझ्या मुलीनं मोबाइलवर वाचून दाखवलं की 1874 सालच्या ह्या छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा.

"मँट?" नाना उसळले. "अरे, लक्ष्मी विलासवाला! आपलाच माणूस!"

"लक्ष्मी विलास कधी काढला हो?"

"1878."

"म्हणजे आधी आमचा," दादा म्हणाले. "इथे हात बसला, मग तुमच्याकडे आला. आणि काम अर्धं टाकून गेला."

"गेला म्हणजे वारला, 1881 ला. चिझमनं पुरं केलं. तुमचा न्यू पॅलेस तरी त्यानं कुठे पुरा झालेला बघितला? 1884 ना?"

दादांनी बोटांवर हिशेब केला. तो जुळला. "म्हणजे दोघांनाही टांगणीला लावून गेला म्हणा," ते म्हणाले, आणि नानांनी भाखरवडीचा डबा उघडून आधी त्यांच्यापुढे धरला.

"कोल्हापुरात मिळते ही," दादा म्हणाले.