अधांतरराव

अधांतररावांचा ड्राइव्ह पाहायला मिळणं हा नशिबाचा भाग आहे. त्यांची तयारी मात्र कुठल्याही रविवारी सकाळी, मागचे दोन फोरबॉल खोळंबलेले असताना, फुकट पाहायला मिळते.

हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव स्कोअरकार्डावर असतं, आणि ते कार्ड ते कुणाला दाखवत नाहीत. पुण्यात येरवड्याला ते निवृत्त चीफ इंजिनिअर असतात, मुंबईत चेंबूरला भूलतज्ज्ञ, नाशकात नुकतीच शेवटची स्कीम विकून मोकळे झालेले बिल्डर. वय पंचावन्नच्या पुढं, हँडिकॅप चोवीस, मतं मात्र स्क्रॅच खेळाडूची. त्यातलं एक मत इतरांपेक्षा फार वरचं: ड्रायव्हरचं डोकं चेंडूमागं जमिनीला टेकवायचं नाही. हवेत धरायचं, आणि हवेतूनच मागं न्यायचं. गोल्फमधली बाकी सगळी पापं त्यांच्या लेखी क्षम्य आहेत. ती ते स्वतः नियमित करतात.

आधी ते टी रोवतात. चेंडूचा निम्मा भाग ड्रायव्हरच्या माथ्यावर दिसला पाहिजे म्हणून पुन्हा वाकून टी किंचित वर, परत वाकून किंचित खाली, आणि दर खेपेस गुडघा कटकन वाजतो. मग डाव्या हातमोज्याचा पट्टा टर्रकन उघडून पुन्हा चिकटवायचा. मग मागं जाऊन एक डोळा मिटायचा आणि फेअरवेच्या टोकाच्या झाडावर नेम धरायचा. त्या झाडाला आजवर धोका पोचलेला नाही. मग पाय, मग एकेक बोट ग्रिपवर. आणि मग ते ४६० सीसीचं चकचकीत डोकं चेंडूमागं, गवतापासून दीड बोट वर, संध्येची काठोकाठ भरलेली पळी धरावी तसं धरतात. धरतात आणि धरूनच ठेवतात. सुरुवातीला काही होत नाही. थोड्या वेळानं ड्रायव्हरचं टोक बारीक थरथरू लागतं. तो थरथराट मनगटातून कोपरात चढतो, कोपरातून जबड्यात जातो. तीनशे-सव्वातीनशे ग्रॅमचा दांडा, पण त्याचं वजन सगळं पंचेचाळीस इंच लांबच्या टोकाला. कॅडी जांभई गिळतो. कर्नल घड्याळ बघतात. आणि अगदी आता मारणार असं वाटावं, तेवढ्यात अधांतरराव बाजूला होतात.

‘‘वारा फिरला,’’ ते म्हणतात, आणि पुन्हा हातमोजा.

त्यांचं शास्त्र खोटं आहे असं कुणी समजू नये. गोल्फमध्ये खरं शास्त्र भरपूर असतं, म्हणून तर या माणसांचं फावतं. टेकवलेला क्लब उचलताना हाताची पकड नकळत आवळली जाते. तरंगता ठेवला तर मुळात उचलावाच लागत नाही, पकड आहे तेवढीच राहते. सकाळच्या दवात गवताची पाती ओली आणि चिवट असतात, त्यात डोकं अडकून सुरुवातीलाच हिसका बसायची भीती नाही. शिवाय टीवरचा चेंडू मुळातच जमिनीच्या वर असतो. मग निशाणा जमिनीवर धरून मारा त्याच्या वरच्या चेंडूवर का करायचा? हे सगळं त्यांनी तुम्हाला न विचारता सांगितलेलं असतं, आणि शेवटी आवाज खाली आणून ते म्हणतात, ‘‘जॅकसुद्धा टेकवत नसे.’’

जॅक म्हणजे जॅक निकलस. अठरा मेजर स्पर्धा जिंकलेला, त्यातली शेवटची १९८६ सालची मास्टर्स, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी. हा माणूस खरोखरच क्लब टेकवत नसे, त्यानं ते लिहूनही ठेवलंय, आणि ग्रेग नॉर्मनही हवेतच धरायचा. पण अधांतरराव ‘जॅक’ असं म्हणतात की तो मॉडेल कॉलनीत त्यांच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहत होता असं वाटावं. निकलसचे अठरा विजय एका बाजूला आणि अधांतररावांचं हवेत धरणं दुसऱ्या बाजूला, यांच्या मधली जी काही थोडी दरी आहे ती सरावानं भरून निघेल, असा त्यांचा विश्वास आहे.

त्यांचे परंपरागत विरोधक म्हणजे आमचे कर्नल. टेकवणाऱ्यांचे पुढारी. ‘‘जमीन कशासाठी दिलीय देवानं?’’ हा त्यांचा सवाल. ते ड्रायव्हर ठोकून टेकवतात, चेंडू दिसला की मारतात आणि चालू लागतात. दांडा टेकवला की त्याचा कोन ठरतो, हातांना अंतर कळतं, स्नायू मोकळे राहतात, हे मुद्दे त्यांच्या बाजूनंही आहेत. पण कर्नल ते मांडत बसत नाहीत, कारण तोवर ते दीडशे यार्ड पुढं गेलेले असतात. मला वाटतं, अधांतररावांना सर्वांत जास्त राग याच गोष्टीचा येतो.

खरं तर मराठी माणसाच्या हाताला टेकवायची सवय क्रिकेटनंच लावलेली. गल्लीत खेळताना बॅट जमिनीवर टकटक करत उभं राहायचं, गावसकरांकडे बघत वाढलेल्या पिढीला दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं. मग ग्रॅहम गूच बॅट हवेत उचलून उभा राहायला लागला तेव्हा आमच्या वाड्यातले आजोबा टीव्हीकडे बघून ‘याला झालंय काय’ म्हणाले होते. अधांतरराव त्या काळीसुद्धा गूचच्या बाजूनं होते, असं ते आता सांगतात.

त्यांचं हुकमाचं पान म्हणजे नियम. पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात ते नियमांची पुस्तिका ठेवतात. तिच्या पानांना सनस्क्रीनचा वास येतो. ‘‘टेकवला आणि चेंडू हलला तर? एक फटका दंड!’’ मग बॉबी जोन्सची कथा. १९२५ सालची यू. एस. ओपन, वूस्टर. रफमध्ये पवित्रा घेताना चेंडू जरासा हलला, दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं, जोन्सनं आपण होऊन दंड मागून घेतला आणि शेवटी प्लेऑफमध्ये हरला. कथा सांगताना अधांतररावांचा कंठ दाटतो. त्यानंतर २०१० सालची पीजीए, व्हिसलिंग स्ट्रेट्स. डस्टिन जॉन्सन शेवटच्या होलवर एका फटक्यानं पुढं. प्रेक्षकांनी तुडवलेली वाळू त्याला बंकर वाटलीच नाही, त्यानं क्लब टेकवला, दोन फटक्यांचा दंड बसला आणि प्लेऑफसुद्धा गेला. ‘‘एका टेकवण्यापायी!’’ असं म्हणून ते कर्नलांकडे बघतात.

अडचण एवढीच की ही सारी प्रवचनं टी-बॉक्सवर चालतात, आणि पहिला फटका मारीपर्यंत टीवरचा चेंडू खेळात आलेलाच नसतो. तो हलला, पडला, घरंगळत कर्नलांच्या बुटापाशी गेला, तरी उचलून पुन्हा ठेवायचा, दंड शून्य. आज नाही, पूर्वीही नव्हता. म्हणजे ड्रायव्हर जिथं वापरायचा, नेमक्या त्याच जागी ही भीती निराधार. हे त्यांना एकदा त्यांच्या कॅडीनं सांगितलं. हा कॅडी येरवड्याचाच, लहानपणापासून याच कोर्सवर वाढलेला, सोमवारी उसन्या सात नंबरच्या आयर्ननं खेळून साहेबांच्या पूर्ण सेटला हरवील असा. अधांतररावांनी पुस्तिका काढली, पान उघडलं, वाचलं आणि मिटलं.

‘‘प्रश्न दंडाचा नाहीये रे,’’ ते म्हणाले. ‘‘शिस्तीचा आहे.’’

‘‘टेकवा न्हाईतर नका टेकवू साहेब,’’ कॅडी म्हणाला, ‘‘पन डोकं वर काढू नका.’’

त्या दिवशीचा चेंडू डोकं वर काढल्यामुळं उजवीकडच्या झाडीत गेला. शास्त्राला त्यामुळं काही धक्का लागला नाही. चेंडू सरळ गेला तर तरंगवल्यामुळं, वाकडा गेला तर शेवटच्या क्षणी जरासा टेकला म्हणून.

घरीही साधना चालू असते. हॉलमध्ये पावसाळी लांब दांड्याची छत्री उलटी धरून, टाइल्सच्या रेघेवर दीड बोट. सोफ्याच्या खाली गेलेलं लिंबू हा चेंडू. वहिनी पोहे घेऊन येतात आणि दारातच थांबतात, कारण मध्ये बोललं तर पहिल्यापासून सुरुवात होते. शेवटी पोहे निवायला लागतात तेव्हा म्हणतात, ‘‘अहो, ती छत्री टेकवा तरी, नाहीतर मारा तरी एकदाची.’’ गोल्फ या विषयावर इतकं नेमकं भाष्य मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. लेक अमेरिकेतून व्हिडिओ कॉल करते तेव्हा फोन स्टँडवर लावून आधी तिला पवित्रा बघावा लागतो. नातवाचं बोलणं नंतर.

गेल्या काही महिन्यांत मात्र या वादाला उतार पडलाय. कुणी हरलं नाही की जिंकलं नाही. अधांतररावांना नवा विषय मिळालाय. २०१९ पासून ग्रीनवरून पट करताना होलमधला झेंडा तसाच ठेवायला परवानगी आहे, आणि ठेवायचा की काढायचा यावर ते आता बोलतात. परवा त्यांचा चेंडू ग्रीनलगतच्या बंकरमध्ये पडला होता. ते वाळूत उतरले, पाय रोवले, आणि वर उभ्या कॅडीकडे बघून बोलू लागले. झेंड्याला लागून चेंडू आत पडण्याची शक्यता, वाऱ्यानं हलणारा दांडा, चेंडूचा वेग, एकेक मुद्दा. उतारावरून लांबून पट करताना काय, जवळून करताना काय.

‘‘साहेब, झेंडा ठेवला तरी चालतोय, काढला तरी चालतोय,’’ कॅडी म्हणाला. ‘‘आधी चेंडू वर येऊ द्या.’’

‘‘तेच सांगतोय तुला,’’ असं म्हणत बोलण्याच्या ओघात अधांतररावांनी हातातला वेज चेंडूच्या बरोब्बर मागं वाळूत टेकवला. चांगला दाबून, मुद्दा ठसवायला. अख्ख्या गोल्फ कोर्सवर क्लब अधांतरी धरणं जिथं सक्तीचं आहे, ती जागा हीच.

कर्नल दोन पावलं पुढं आले. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं प्रसन्न पाहिलेलं नाही.

‘‘टेकला,’’ ते म्हणाले. ‘‘दोन.’’

अधांतररावांनी वेजकडे पाहिलं, वाळूतल्या खुणेकडे पाहिलं. मग छाती थोडी पुढं आली.

‘‘डस्टिनलासुद्धा दोनच बसले होते,’’ ते म्हणाले, आणि हातमोज्याचा पट्टा टर्रकन उघडला.