संकासुराची ग्रामसभा

वेंगुर्ल्याच्या जत्रेत दशावतार पाहिला आणि लोकशाहीबद्दल खात्री पटली. संहिता नाही, संवाद जागेवर सुचतात. थेट सभागृहाचीच पद्धत. देव शुद्ध मराठीत वर देतात. वेद चोरणारा काळा संकासुर तेवढा मालवणीत विचारतो, ‘रस्त्याचा काय झाला?’

शासनाने ग्रामसभाही अशीच मध्यरात्री, पेटी-मृदंग-झांजेवर भरवावी. ठरावाला सगळ्यांनी गाऱ्हाण्यासारखं ‘व्हय म्हाराजा’ म्हणावं. हात मोजायला नकोत.

रस्त्याच्या प्रश्नाला पुढच्या रांगेतल्या पुढाऱ्यांनी दिलखुलास टाळ्या दिल्या. मग विष्णूने रिवाजाप्रमाणे संकासुराला मारलं. त्यालाही त्यांनीच टाळ्या दिल्या, अंमळ जास्त.

पहाटे दहीकाला झाला. मंडळाची गाडी खड्डे चुकवत पुढच्या जत्रेला निघाली.