बाम्बेर्ग, माणशी २५ युरो

मद्यपान आणि काटकसर एका देहात नांदू शकत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या मेव्हण्याला पाहिलेलं नाही. हा गृहस्थ ग्लासाच्या तळाशी उरलेल्या शेवटच्या घोटाचाही भाव काढतो आणि मग तो घोट त्या भावाच्या इतमामाने पितो. माझ्या भाच्याकडे, जर्मनीतल्या एरलांगेनला जायचं ठरलं, तेव्हा जवळच्या बाम्बेर्ग गावात पायी हिंडून तिथल्या ब्रुअऱ्या पालथ्या घालायच्या, गाइड घ्यायचा नाही आणि माणशी २५ युरोंच्या वर जायचं नाही, हा ठराव त्यानेच मांडला आणि त्यानेच मंजूर केला.

“दाजी, गाइड म्हणजे आपल्याच पैशांनी आपल्याला घाई करणारा माणूस,” तो म्हणाला.

हेच पुण्यात का नाही, असं बायकोने विचारलं. प्रश्न रास्त होता. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक, डूलाली, २००९ साली निघाली ती पुण्यातच. पण मुंढवा, खराडी, बालेवाडी ही ठिकाणं पायी जोडायची तर त्याला सहल म्हणत नाहीत, मोर्चा म्हणतात, आणि मोर्चाला निदान एखादी मागणी तरी लागते. शिवाय महाराष्ट्रात प्यायचं तर कायद्याने परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो. अख्ख्या मद्यव्यवहारात मेव्हण्याला स्वस्त वाटणारी ही एकच वस्तू, आणि नेमकी तीच कोणी मागत नाही.

बाम्बेर्गचं तसं नाही. गाव आटोपशीर आहे, जुनं आहे, १९९३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि जुन्या ब्रुअऱ्या चालत जाता येईल अशा अंतरावर आहेत. स्टेशनातून निघून दहा मिनिटं चाललं की ओबेरे क्योनिगश्ट्रासे या रस्त्यावर फेस्ला आणि श्पेत्सियाल या दोन ब्रुअऱ्या समोरासमोर उभ्या. एक १६४९ची, दुसरी १५३६ची. गावाच्या दुसऱ्या टोकाला वुंडरबुर्ग भागात मार्स ब्रॉय आणि केसमान यांचंही तेच, मध्ये फक्त रस्ता. हे वाचल्यावर मेव्हण्याने वहीत ‘चालणे : नगण्य’ असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मार्गदर्शनाशिवायच्या पदभ्रमणाला पुण्याहून एवढीच तयारी लागते असं त्याचं मत होतं. मग बायकोने वही ओढून घेतली.

तिने पहिल्या पाचच मिनिटांत दोन गोष्टी केल्या. एक, दोन ब्रुअऱ्यांमागे एक चर्च हा दर ठरवून टाकला. कॅथीड्रलला प्रवेश फुकट आहे हे दाखवल्यावर मेव्हण्याचा विरोध मावळला. आत पोप क्लेमेंट दुसरा याची कबर आहे, पोपची कबर जर्मनीत दुसरीकडे कुठे नाही, हे ऐकून तर त्याने ‘पोप : ० युरो’ अशी नोंदही केली. दुसरं म्हणजे तिने भाच्याला फोन लावून सरळ विचारलं, की पंचावन्न वर्षांच्या माणसाला यातलं किती झेपतं?

भाचा इंजिनिअर. त्याने आढेवेढे न घेता गणितच केलं. तिकडे ग्लास अर्ध्या लिटरचा. पाच टक्क्यांची बिअर धरली तर त्यात साधारण वीस ग्रॅम अल्कोहोल. शरीर तासाला सात-आठ ग्रॅम निकालात काढतं. “म्हणजे मामा, पाच ग्लास घेतलेत तर हिशोब मिटायला तेरा-चौदा तास. शेवटची गाडी तेवढं थांबणार नाही.”

हा युक्तिवाद मेव्हण्याला आरोग्यापेक्षा तिकिटाच्या अंगाने पटला. कारण त्याने बायर्न तिकीट मुक्रर केलं होतं. एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर बव्हेरियातल्या प्रादेशिक गाड्यांतून कुठेही हिंडता येतं. कामाच्या दिवशी फक्त सकाळी नऊ वाजेपर्यंत थांबावं लागतं. आम्ही चौघं. पाचवा माणूस नाही याचं त्याला इतकं वाईट वाटलं, की प्रत्यक्ष प्रवासाच्या दिवशी फलाटावर तो अनोळखी माणसांकडे दत्तक घेण्याच्या नजरेने बघत होता.

मग ग्लास वाटून घ्यायचे ठरले. फ्रांकोनियात, म्हणजे बव्हेरियाच्या या उत्तर भागात, श्निट नावाचा एक प्रकार मिळतो: अर्धवट भरलेला ग्लास, कमी दरात. मेव्हण्याला तो शोध न्यूटनच्या तोडीचा वाटला. भाच्याने थंडपणे सांगितलं, की श्निट ही निघता निघता शेवटची म्हणून मागतात. आल्या आल्या मागितली तर वाढणाऱ्या बाई तुमच्याकडे काळजीने बघतात. “बघू दे,” मेव्हणा म्हणाला. “काळजीचे पैसे लावत नाहीत ना?”

खाण्याचा खर्च बाकी होता, आणि इथे इतिहास आमच्या बाजूने उभा राहिला. पूर्वी तिकडे बिअर थंड राहावी म्हणून टेकड्यांत तळघरं खोदत आणि त्यांच्यावर सावलीसाठी झाडं लावत. लोक त्या झाडांखालीच प्यायला बसू लागले. खाणावळवाल्यांची गिऱ्हाइकं तुटली, कुरबूर झाली. १८१२ साली बव्हेरियाचा राजा माक्सिमिलियान पहिला याने तोडगा काढला: म्युनिकच्या ब्रुअरीवाल्यांनी तळघरांपाशी बिअर खुशाल विकावी, पण पावाखेरीज खायला काही विकू नये. मग लोक घरून डबा आणू लागले. आज बिअर गार्डनमध्ये जेवण विकत मिळतं, तरी डबा आणायचा हक्क लोकांनी सोडलेला नाही. टेबलावर कापड नसेल तिथे बसावं आणि शिदोरी सोडावी.

दोनशे वर्षांपूर्वीच्या परक्या राजाबद्दल माझ्या सासरी इतकी कृतज्ञता कधी व्यक्त झाली नसेल. सासूबाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून दिली. कशासाठी हे त्यांना सांगितलं नव्हतं. ‘तिकडच्या देवळांना जाणार आहोत’ हे विधान तांत्रिकदृष्ट्या खरं होतं.

बायको पीत नाही. त्यामुळे तिचा खर्च शून्य असं मेव्हण्याने आधीच मांडून टाकलं होतं. पण तिकडे हॉटेलात पाणीही विकतचं, आणि ते बिअरच्या तोडीस तोड महाग असू शकतं. भाच्याने त्यावर कायदा काढला. तिथल्या उपाहारगृहाला निदान एक तरी बिनदारूचं पेय सगळ्यात स्वस्त दारूपेक्षा महाग न विकण्याचं बंधन आहे. बहुतेक ठिकाणी हा मान सफरचंदाच्या रसाला किंवा साध्या पाण्याला मिळतो. मेव्हण्याने तो कायदा उतरवून घेतला, आणि दिवसभर प्रत्येक ठिकाणी मेनूकार्ड उघडून तो पाळला जातोय का ते तपासलं. बायको म्हणाली, सासर सोडून कोणीतरी माझ्या हक्कांकडे लक्ष देतंय हे बघून बरं वाटलं.

योजना इतकी घट्ट बांधली होती, की ती सैल व्हायला पहिलीच ब्रुअरी पुरली. श्पेत्सियालमध्ये मेव्हणा समोर दिसेल त्या टेबलावर जाऊन बसला. ते नेहमीच्या मंडळींचं राखीव टेबल निघालं. असं टेबल तिकडे जवळपास प्रत्येक ठिकाणी असतं आणि त्यावर बसण्याचा अधिकार, माझ्या अंदाजाने, वारसाहक्काने जातो. एक आजोबा आले, उभे राहिले, काही बोलले नाहीत. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला हा आविर्भाव भाषांतर करून लागत नाही. आम्ही उठलो. आजोबांना एवढं पुरेसं होतं. त्यांनीच आम्हाला परत बसवलं.

मग त्यांनी भाच्यामार्फत आमचं शिक्षण केलं. बिअरमध्ये काय घालावं हा बव्हेरियाचा प्रसिद्ध कायदा १५१६चा, ते म्हणाले, सगळं जग त्याचं कौतुक करतं. पण बाम्बेर्गच्या बिशपांनी माल्ट, हॉप आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही असा हुकूम १४८९ सालीच काढला होता. सत्तावीस वर्षं आधी! हे सांगताना त्यांनी टेबलावर बोट आपटलं. आमच्याकडे आधीपासूनच होतं, ही भावना आम्हा पुणेकरांना इतकी घरची, की मेव्हण्याला गहिवरून आलं आणि त्याने भाच्याला सांगितलं, “त्यांना सांग, आमच्या पुण्यात पण भारतातल्या पहिल्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक निघाली, २००९ साली.”

भाच्याने सांगितलं. आजोबांनी विचार केला आणि विचारलं, “ख्रिस्तपूर्व?”

यानंतर वाटून घ्यायचा ग्लास मागे पडला आणि पूर्ण ग्लास पुढे आले. ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर वाढणाऱ्या बाई पेन्सिलीने रेघ ओढत. मेव्हण्याच्या वहीतल्या रेघा आणि पुठ्ठ्यावरच्या रेघा अजून जुळत होत्या, हे त्याने दोनदा मोठ्याने जाहीर केलं.

श्लेंकर्ला हे मात्र या गावाचं खरं दैवत. कॅथीड्रलच्या टेकडीच्या पायथ्याशी, काळवंडलेल्या लाकडी तुळयांखाली बसायचं. इथली बिअर धुराची: माल्ट बीचच्या लाकडांच्या आगीवर सुकवतात, आणि तो धूर ग्लासापर्यंत येतो. पहिला घोट घेऊन मेव्हणा गप्प झाला. मग म्हणाला, “चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत पाजलंय कोणीतरी.” सवय व्हायला वेळ लागतो असं तिथले सगळेच सांगतात. मेव्हण्याला तो व्यापारी डाव वाटला, आणि तो डाव आहे का याची खात्री करायला त्याने आणखी एक मागवली. आवडली म्हणून नव्हे, हे त्याने वहीत स्वतंत्र टीप देऊन नमूद केलं आहे.

दशम्या टेकडीवरच्या एका बागेत, आधी विचारून, कापड नसलेल्या टेबलावर खाल्ल्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चटणी चाखली, डोळे पुसले आणि पुन्हा मागितली. वुंडरबुर्गच्या दोन ब्रुअऱ्यांपैकी एकच झाली. दुसरी समोरून पाहिली. रस्ता ओलांडायला सिग्नल नव्हता, पण मेव्हणा तो हिरवा होण्याची वाट बघत बराच वेळ उभा होता. तेव्हा बायकोने सहल संपल्याचं जाहीर केलं.

गाडीत बसायच्या आधी वाटेसाठी तीन बाटल्या घेतल्या होत्या. तिकडे बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीवर आठ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात सरकवली की पावती येते. दुसऱ्या दिवशी मेव्हणा एरलांगेनच्या दुकानात त्या यंत्रासमोर, हात जोडावेत तसा, उभा राहिला. पावती आली: २४ सेंट.

“चौघांत प्रत्येकी सहा,” तो वही उघडत म्हणाला.

“चोवीसच्या चोवीस माझे,” बायको म्हणाली. “बाटल्या मी उचलून आणल्या. तुम्ही तिघं काल काहीही उचलायच्या अवस्थेत नव्हतात.”