घरच्या घरी गॅस्टर

साहित्य: एक संगणक, एक वही, रात्रीचे दोन, सकाळी कुठेही जायचं नाही असा दुसरा दिवस, आणि पुरावा चवीपुरता. पुराव्याचं प्रमाण जपावं. तो जास्त पडला की सिद्धांत फुगत नाही, तळाशी बसतो. मग त्याची नुसती माहिती होते, आणि माहितीला कुणी विचारत नाही.

गूढ खलनायकांवर सिद्धांत रचू इच्छिणाऱ्या होतकरूंसाठी हे मार्गदर्शन आहे. सरावाला आपण 'अंडरटेल' या गेममधले डॉक्टर डब्ल्यू. डी. गॅस्टर घेणार आहोत. तबला शिकणाऱ्याला आधी तीनताल देतात, तसे नवशिक्याला गॅस्टर द्यावेत.

टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने जवळजवळ एकहाती केलेला हा गेम 15 सप्टेंबर 2015 रोजी आला. माउंट एबट नावाच्या डोंगराखाली कोंडलेल्या मॉन्स्टरांच्या राज्यात माणसाचं एक पोर पडतं. तिथून बाहेर निघताना वाटेत येईल त्याला मारायचं, की कुणाच्याही केसाला धक्का न लावता जायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. गोष्टीला रीतसर खलनायक आहे. फ्लावी नावाचं पिवळं फूल पहिल्या काही मिनिटांतच गोड बोलून जिवावर उठतं. पण असा खलनायक आपल्या काय कामाचा? तो समोर येतो, बोलतो, दात विचकतो आणि आपण असे का झालो हेही पुढे सांगून टाकतो. सिद्धांताला त्याने बसायला पाट ठेवलेला नाही.

गॅस्टर मात्र गेममध्ये जवळजवळ नाहीतच. बहुतेक लोक अख्खा गेम संपवतात आणि त्यांना या नावाचा पत्ता लागत नाही. कारण असं, की नवा डाव सुरू होताना गेम गुपचूप 1 ते 100 मधला एक आकडा काढतो आणि 'फन' या नावाने फाइलमध्ये टिपून ठेवतो. तो 61, 62 किंवा 63 निघाला, तरच वाटेत एक राखाडी इसम उभा दिसतो. असे तीन इसम आहेत, एका आकड्याला एक. राजाच्या पदरी आल्फिसच्या आधी जे शास्त्रज्ञ होते, त्या गॅस्टरांचं काय झालं हे ते सांगतात. एक म्हणतो, प्रयोग फसला. पुढचं सांगत नाही, कारण जो ऐकतोय त्याच्याबद्दल बोलणं बरं दिसत नाही. दुसरा म्हणतो, कोअर म्हणजे इथलं वीजघर त्यांनीच उभारलं आणि एके दिवशी ते आपल्याच निर्मितीत पडले. तिसरा म्हणतो, काळात आणि अवकाशात ते विखुरले, आणि त्यांचा एक तुकडा या घडीला माझ्या हातात आहे.

आता पाहा. तीन साक्षीदार, तीन जबान्या, प्रेत नाही. फौजदाराला असलं प्रकरण नकोसं होईल. सिद्धांतकाराला मात्र हीच ओलिताची जमीन. ते ज्या निर्मितीत पडले ती कोअरच, असं कुणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही. तसं आपण धरून चालतो. धरून चालणे हे या शास्त्रातलं मुख्य वाहन आहे.

प्रेताची खात्री न पटणं किती मोलाचं असतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. 1761 मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊंचं काय झालं याविषयी किंतु राहिला, आणि तेवढ्या एका किंतूवर पुढे तोतया उभा राहिला, त्याने माणसं जमवली, पुण्याची झोप उडवली. 1776 मध्ये त्याला देहान्त शासन झालं. त्याने वाद मिटला असं ज्याला वाटतं, त्याने हा नाद सोडून सरळ हिशेबनिसाची नोकरी धरावी.

फनचा आकडा 66 निघाला तर वॉटरफॉल नावाच्या भागात एक राखाडी दार उगवू शकतं. आत एक फिकट, वितळल्यासारखी आकृती उभी असते. जवळ जाऊन बोलायला गेलं की आवाज होतो आणि ती नाहीशी होते. संपलं. गेमच्या फायलींत या चित्राचं नाव 'मिस्टरी मॅन' असं आहे, गॅस्टर असं नाही. म्हणजे डॉक्टरांचा अधिकृत फोटो म्हणून आपण जो लावतो, तो खुद्द त्यांचाच आहे याचाही दाखला नाही. त्यावरून चाहत्यांनी भेगाळलेला चेहरा, लांब काळा झगा, हवेत तरंगणारे आणि मधोमध भोक पडलेले पंजे अशी पूर्ण मूर्ती घडवली. रविवर्म्याच्या छापखान्याने लक्ष्मी-सरस्वतीला जे चेहरे दिले, तेच आज आपल्याला त्यांचे खरे चेहरे वाटतात. तसंच हे. हाताला भोक का, असं विचारू नये. सगळ्यांच्याच चित्रांत आहे.

यानंतर कृतीचा कठीण भाग येतो: अक्षरं.

गेममध्ये सान्स आणि पपायरस असे दोन सांगाड्यांचे भाऊ आहेत. दोघांची नावं फॉन्टची: सान्स बोलतो कॉमिक सान्समध्ये, पपायरस पपायरसमध्ये. इकडे फायली उचकणाऱ्यांना एक अशी खोली सापडली, जिथे सरळ खेळून जाताच येत नाही. तिथे सतरा क्रमांकाची एक नोंद आहे आणि ती विंगडिंग्ज या चित्रांच्या फॉन्टमध्ये आहे. उलगडली तर मजकूर असा, की अंधार वाढत चालला आहे, प्रकाशकणांची मोजणी शून्याच्याही खाली गेली आहे, पुढचा प्रयोग भलताच रंजक दिसतो, आणि शेवटी कुणा दोघांना मत विचारलं आहे. खाली सही नाही. पण डब्ल्यू. डी. म्हणजे विंग डिंग्ज, मागे ॲस्टर नावाचा आणखी एक फॉन्ट जोडला की गॅस्टर होतं, आणि ज्यांच्या घरात सगळ्यांची नावं फॉन्टची ते सगळे एका कुळातले. तेव्हा गॅस्टर हे दोघा भावांचे वडील. किंवा थोरले भाऊ. किंवा काका. नातं कोणतंही चालेल, गोत्र जुळल्याशी कारण.

विंगडिंग्ज वाचायला लोकांना केवढं अवघड गेलं असेल, असं वाटतं. पण मराठी माणसाला हे लिपीशास्त्र उपजत येतं. युनिकोड रुळण्यापूर्वी घरच्या लग्नपत्रिकेचा मजकूर एका संगणकावर जुळवून दुसऱ्या संगणकावर उघडल्याचं ज्याला आठवतं, त्याने कुलदेवतेच्या जागी उलटे प्रश्नचिन्ह आणि डॉलर पाहिलेले आहेत. आमच्या घरी एकदा असा कागद तीन दिवस पडून होता आणि आत्या त्याला अपशकुन म्हणत होती. शेवटी फॉन्ट बदलला आणि काका-काकू, मामा-मामी, चि. आणि चि. सौ. कां. सगळे जागच्या जागी परत आले. विंगडिंग्जचंही तेच आहे. की-बोर्डवर अक्षरंच दाबायची, कागदावर हात, कवट्या आणि पाकिटं उमटतात. इंग्रजी जे दाबलं तर हसरा चेहरा येतो. म्हणूनच काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या गंभीर ईमेलींच्या शेवटी विनाकारण एकटं जे लटकलेलं दिसायचं. पाठवणारा हसला होता, पोचला तो जे.

आणि हा फॉन्ट सिद्धांतांच्या बाबतीत मुळातच कोरा नाही. 1992 मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं, की विंगडिंग्जमध्ये एन, वाय, सी म्हणजे न्यूयॉर्क शहराची आद्याक्षरं टाइप केली तर कवटी, ज्यूंचा षट्कोनी तारा आणि वर केलेला अंगठा येतो. झाला गदारोळ. मायक्रोसॉफ्टने हे निव्वळ योगायोगाने जुळलं असं सांगितलं. पुढे 2001 च्या हल्ल्यानंतर आणखी एक जुळणी फिरली, क्यू, तीन, तीन, एन, वाय: विमान, दोन इमारतींसारखे दोन कागद, कवटी, तारा. हा एका विमानाचा क्रमांक होता असं सांगत. हल्ल्यातल्या कोणत्याच विमानाचा तसा क्रमांक नव्हता. तोपर्यंत 1997 मध्ये वेबडिंग्ज नावाचा धाकटा फॉन्ट आला होता. त्यात एन, वाय, सी दाबलं की डोळा, बदाम आणि शहर येतं. हे मात्र मुद्दाम केलेलं होतं. आणि ते करणाऱ्या मंडळींत होते व्हिन्सेंट कॉनेर, ज्यांनी 1994 मध्ये कॉमिक सान्स घडवला.

इथे होतकरूने खुर्चीत सरळ बसावं. सान्सच्या अक्षराचा जनक आणि डिंग्ज घराण्यातल्या एका फॉन्टचा जनक एकच! नातं सिद्ध! वेबडिंग्ज म्हणजे विंगडिंग्ज नव्हे, अशी हरकत कुणी घेईल. घेऊ द्यावी. हरकत घेणारा पुढचे तीन तास आपल्याशी बोलत राहतो, आणि सिद्धांत वाढतो तो अशाच बोलण्यावर.

आकड्यांचं थोडक्यात सांगतो, कारण ते सोपं आहे. नोंद 17, दार 66. मोठ्यातून धाकटा वजा केला की 49, म्हणजे साती साती एकोणपन्नास. मॉन्स्टरांना डोंगराबाहेर पडायला माणसांचे किती आत्मे लागतात? सात. 'अंडरटेल'चीच अक्षरं उलटसुलट करून ज्या गेमचं नाव बनलं, त्या 'डेल्टारून'चे एकूण भाग किती ठरले आहेत? सात. वजाबाकीच का, बेरीज का नको, असं विचारणाऱ्याला 83 घेऊन घरी पाठवावं.

धाडसाची वरची मर्यादा किती, तेही माहीत असावं. 'गेम थिअरी' ही यूट्यूब मालिका तेव्हा चालवणाऱ्या मॅथ्यू पॅट्रिक यांनी, सान्स म्हणजे 1994 च्या 'अर्थबाउंड' या जपानी गेममधला नेस नावाचा मुलगाच, असा सिद्धांत मांडला. टोबी फॉक्स यांनी तरुणपणी 'अर्थबाउंड'वर हौसेने एक वेगळी आवृत्ती केली होती, हा त्यातला भक्कम धागा. बाकी सगळं विणकाम. लोक हसले, चिडले, आणि आजही ते नाव काढल्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. हेच पॅट्रिक 2016 मध्ये व्हॅटिकनला गेले तेव्हा त्यांनी पोप फ्रान्सिस यांना 'अंडरटेल' भेट दिला. पोपमहाशयांना पिवळं फूल भेटलं का, कळायला मार्ग नाही. वहीत 'मौन पाळलं' असं टिपून ठेवावं, पुढे उपयोगी पडतं.

कर्त्याचं मौन तर सोन्याहून पिवळं. टोबी फॉक्स गॅस्टरांविषयी खुलासा करत नाहीत. बोलले नाहीत तर लपवतात, 'नाही' म्हणाले तर घाबरले, 'हो' म्हणाले तर आपल्याला चकवतात. गेमलाही वळण तेच. खेळाडूने स्वतःचं नाव म्हणून गॅस्टर लिहिलं, तर गेम काही न बोलता मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. निरपराध्याच्या घरी असं वागतात का?

हो, एक अडचण राहिली. ती सहसा कुणी काढत नाही. मीही कोपऱ्यात नेऊन सांगतो. या खलनायकाने केलंय काय? कुणाला मारलेलं नाही, फसवलेलं नाही, कुणाची दमडी बुडवलेली नाही. गेममधला नावाडी एकदा हातांनी बोलणाऱ्या माणसापासून जपा म्हणतो. पण हातवारे करून बोलणं हा गुन्हा असेल तर आमची निम्मी गल्ली आत जाईल. सान्स लढाईत कवट्यांसारखी जी अस्त्रं सोडतो, त्यांना फायलींत गॅस्टर ब्लास्टर म्हटलं आहे. चालवतो सान्स, नाव डॉक्टरांचं. सरळ वाचलं तर ही एका सरकारी शास्त्रज्ञाची गोष्ट आहे, जो स्वतः बांधलेल्या वीजघरात कामावर असताना पडला, आणि ज्याच्या मागे खात्याने एक तसबीरही लावली नाही. भरपाईचं प्रकरण आहे हे. कठडा नव्हता का, हा खरा प्रश्न. पण भरपाईच्या अर्जावर रात्रीचे दोन कोण वाजवतं? म्हणून आपण त्यांना खलनायक केलं. त्यांची तक्रार आलेली नाही.

तयार सिद्धांत टिकवायचा तर हवामानाकडे लक्ष हवं. 'डेल्टारून'चा पहिला भाग 31 ऑक्टोबर 2018 ला आला. सुरुवातीलाच कुणीतरी अनोळखी तुमच्याकडून हौसेने एक शरीर बनवून घेतो, डोकं निवडा, धड निवडा, स्वभाव निवडा, आणि झाल्यावर ते टाकून देतो. नाव सांगत नाही. पण बोलण्याची ढब त्या सतराव्या नोंदीसारखी लागते. आमच्या धंद्यात तो दिवाळीचा दिवस होता, नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल लागावं तसा. दुसरा भाग 2021 च्या सप्टेंबरात आला, तिसरा आणि चौथा 2025 च्या जूनमध्ये. मधली वर्षं सिद्धांताचा सुगीचा काळ. नवा भाग येण्याच्या आठवड्यात मात्र माल झाकून ठेवावा, कारण पाऊस कोणत्या बाजूने येईल सांगता येत नाही. भिजलाच, तर 'मी तेव्हाच म्हटलं होतं' या वाक्याने वाळत घालावा.

माझा भाचा गेल्या सुट्टीत या शास्त्रात उतरला. नशिबावर कोण विसंबणार, म्हणून त्याने फाइल उघडून फनच्या पुढे हाताने 66 लिहिलं. तरी दार दर वेळी उगवतंच असं नाही. पोराने तोच बोळ किती वेळा तुडवला, देव जाणे. शेवटी रात्री पावणेतीनला माझा फोन वाजला.

"मामा, दार उघडलं. होता आत. मी बोलायला गेलो तर गेला."

"काही म्हणाला?"

"काहीच नाही. नुसता उभा होता."

"किती वेळ उभा होता, मोजलंस?"

पलीकडे शांतता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि फोन ठेवायचाही राहून गेला. मी बराच वेळ कानाला लावून होतो. तो पुन्हा पहिल्यापासून चालत निघाला होता.