ताबा लवकरच

बांधकाम सुरू असलेली सदनिका ही एक स्थावर मालमत्ता असून तिची किंमत पूर्ण आणि बाकी सर्व काही अपूर्ण असते. पुण्याच्या परिसरात ती मुख्यतः वाकड, पुनावळे, महाळुंगे, वाघोली या पट्ट्यांत आढळते. मुंबईकडे घोडबंदर रस्त्यापासून पनवेलपर्यंत तिचा विस्तार आहे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे तिच्या बहराचे काळ. या दिवशी वृत्तपत्राचे पहिले पान शोधण्यासाठी वाचकाला चार-पाच पाने उलटावी लागतात.

तिचा पहिला अवतार जाहिरातीत होतो. चित्रातील इमारत हिरवळीत एकटीच उभी असते. शेजारची तेवढीच उंच इमारत, डोक्यावरून जाणारी विजेची उच्चदाब वाहिनी आणि मागचा नाला यांना चित्रात जागा मिळत नाही. खाली बारीक अक्षरांत ‘हे चित्र कलाकाराच्या कल्पनेतील आहे’ असे छापलेले असते. संपूर्ण जाहिरातीत एवढ्याच वाक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येतो. अंतर मिनिटांत मोजण्याची पद्धत आहे. ‘आयटी पार्कपासून ७ मिनिटे’ ही मोजणी कोणत्या वारी, पहाटे किती वाजता आणि कोणत्या दशकात केली, हे दिलेले नसते. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. जाहिरातींतली गाडी त्याच आठवड्यात धावू लागली.

जाहिरातीवर ‘पी’ अक्षराने सुरू होणारा, महारेरा या नियामक प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक असावा लागतो आणि ऑगस्ट २०२३ पासून शेजारी क्यूआर कोडही. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिका आठांपेक्षा जास्त असल्यास नोंदणीविना विक्री करता येत नाही. मोबाइल त्या चौकोनावर धरला की मंजूर नकाशे, चालू असलेले दावे आणि ताब्याची तारीख दिसते. मुलीसाठी स्थळ पाहताना मुलाच्या आत्याच्या जावयापर्यंत चौकशी करणारी कुटुंबे हा चौकोन सहसा उघडत नाहीत. त्यांचे लक्ष क्लब हाउसच्या फोटोकडे असते.

यानंतर सॅम्पल फ्लॅट. संपूर्ण प्रकल्पात वेळेवर पूर्ण होणारी ही एकमेव वास्तू आणि ती पाडण्यासाठीच बांधलेली असते. आतले पलंग बेतीव मापाचे असतात, दारे काढून ठेवलेली असतात, एक भिंत आरशाची असते आणि एसी सतत चालू असतो. कपाटांत कपडे नसतात. जादा गाद्या, लोखंडी शिडी, लोणच्याच्या बरण्या, गणपतीच्या मखराचा थर्माकोल आणि कुठल्याही खोलीत पावसाळ्यात वाळत घातलेले कपडे यांची तिथे वस्ती नसते. भेट देणाऱ्या प्रत्येक कुटुंबासोबत एक जाणकार नातेवाईक असतो. तो भिंतीवर बोटाने टकटक करतो, नळ उघडून पाहतो (पाणी येत नाही, पण ते सॅम्पल असल्याने चालते) आणि ‘स्लॅब किती इंची?’ असे विचारतो. उत्तर त्यालाही कळत नाही, पण विचारल्यामुळे सर्वांना धीर येतो. विक्री प्रतिनिधी तरुण जोडप्याला ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हणतो, आईवडिलांना ‘काका, काकू’ म्हणतो आणि पूर्वाभिमुख सदनिका एकच उरल्याचे सांगतो. ती दुसऱ्या पार्टीने होल्डवर ठेवलेली असते. मात्र तो मॅनेजमेंटशी बोलून बघतो. ही सदनिका पुढच्या रविवारीही एकच उरलेली असते.

क्षेत्रफळाचा विषय पूर्वी गूढ होता. सुपर बिल्टअप या नावाखाली जिना, लॉबी, लिफ्ट आणि वॉचमनची केबिन यांतला प्रत्येकाचा वाटा त्याला विकला जाई. केंद्राचा २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजेच रेरा, याने कार्पेटची व्याख्या ठरवली : बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी व टेरेस वगळायचे आणि आतल्या भिंती धरायच्या. त्यानंतर क्षेत्र आकसले, चौरस फुटाचा भाव फुगला आणि एकूण रक्कम जागच्या जागी राहिली.

या रकमेवर कर चढतात. पुण्यात ८० लाखांची सदनिका घेणाऱ्याला ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ५ लाख ६० हजार भरावे लागतात. त्यातला एक टक्का मेट्रोसाठीचा अधिभार असतो आणि घरापासून मेट्रो किती लांब आहे याचा त्याच्याशी संबंध नसतो. नोंदणी फी ३० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ४ लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीतील सदनिकेवर जीएसटी नाही. तो अपूर्णतेवरचा कर आहे आणि ज्याच्यामुळे ती अपूर्ण आहे त्याच्याऐवजी जो वाट पाहणार आहे तो भरतो. खरेदी स्त्रीच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. कुटुंबातील स्त्रीच्या योगदानाची जाणीव दुय्यम निबंधक कार्यालयाच्या रांगेत प्रकर्षाने होते, ती यामुळेच.

किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत कराराविना घेता येत नाही. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा कायद्यात ही मर्यादा २० टक्के होती. करार जाडजूड असतो आणि त्याच्या प्रत्येक पानावर सही करायची असते. त्यामुळे वाचायला वेळ उरत नाही. पैशांच्या तारखा त्यात ठळक असतात. ताब्याची तारीखही असते, पण तिच्या आगेमागे अपवाद उभे असतात. दैवी आपत्तींच्या यादीत रेरानेच युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ आणि भूकंप यांचा समावेश केला आहे. पूर आणि दुष्काळ दोन्ही असल्यामुळे पाऊस पडला तरी आणि न पडला तरी मुदतवाढीचा अर्ज लिहायला घेता येतो. याशिवाय प्राधिकरणाला योग्य वाटल्यास एकूण एक वर्षापर्यंत वाढ मिळते. कोविडच्या वर्षी सहा महिने सर्वांनाच मिळाले. भाडेकरू म्हणून राहणाऱ्या खरेदीदाराच्या घरमालकाने मात्र ते सहा महिने धरले नाहीत.

इमारतीच्या वेगाचे रहस्य हप्त्यांच्या कोष्टकात आहे. महाराष्ट्राच्या आदर्श करारानुसार जोत्यापर्यंत एकूण ४५ टक्के आणि सगळे स्लॅब पडल्यावर ७० टक्के रक्कम वसूल करता येते. भिंती, आतला गिलावा, फरशी, दारे-खिडक्या झाल्यावर फक्त आणखी ५ टक्के. पुढे नळजोडणी, बाहेरचा गिलावा, लिफ्ट, पंप असे करत ९५ पर्यंत जायचे आणि उरलेले ताब्याच्या वेळी. म्हणजे ज्यात राहता येत नाही अशा सांगाड्याचे ७० टक्के आणि ज्यामुळे राहता येते त्या सर्वाचे ३०. परिणामी स्लॅब झपाझप पडतात. फरशी बसवताना मात्र सखोल विचार होतो. तोवर बावीस मजली सांगाडा उभा असतो, त्यावर जाहिरातीचा झळझळीत फलक असतो आणि रात्री एका मजल्यावर एक दिवा लागतो. तो वॉचमनचा असतो. जमा झालेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर व सीए यांच्या दाखल्याशिवाय काढता येत नाहीत. रेराची ही तरतूद खरोखर उपयोगी आहे. पूर्वी वाकडच्या ग्राहकाचे पैसे दुसऱ्याच गावातील जमिनीच्या खरेदीला निघून जात आणि परतताना वाट चुकत.

बँक या व्यवहारात तिसरी असते आणि एकटीच निश्चिंत असते. प्रत्येक स्लॅबला डिमांड लेटर येते, बँक तेवढी रक्कम सोडते आणि सोडलेल्या रकमेवर प्री-ईएमआय लावते. हे निव्वळ व्याज असल्याने मुद्दल एका रुपयानेही घटत नाही. ‘आता २० टक्के भरा, बाकी ताब्यावेळी’ अशा योजनांत बँका बांधकाम होण्याआधीच सगळी रक्कम बिल्डरला देत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये कर्जाची रक्कम कामाच्या टप्प्यांशी बांधायला सांगितले. बांधकामकाळातील व्याजाची आयकर सवलत ताब्यानंतर पाच समान भागांत मिळते. कर्ज घेतलेले आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत घर पूर्ण झाले नाही, तर जुन्या कररचनेत स्वतःच्या राहत्या घरासाठीची वार्षिक मर्यादा २ लाखांवरून ३० हजारांवर येते. विलंब बिल्डरचा आणि शिक्षा खरेदीदाराला, ही विभागणी कायदा करणाऱ्यांना विचित्र वाटलेली दिसत नाही.

विलंबाच्या काळात खरेदीदारांचा व्हॉट्सअॅप ग्रुप जन्माला येतो. त्यात एक रोज सकाळी सुविचार पाठवतो, एक दर रविवारी साइटचा तोच फोटो टाकतो, एक ‘आपण सगळे मिळून जाऊ या’ असे लिहितो आणि ठरल्या दिवशी गावी जातो. बिल्डर आपल्याच तालुक्याचा असल्याने फसवणार नाही, असे सांगणाराही एक असतो. अखेर कोणीतरी रेराचे कलम १८ शोधून काढतो. त्यानुसार तारीख चुकल्यास व्यवहार सोडून सर्व पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा व्यवहारात राहून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घेता येते. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा २ टक्के जास्त असतो आणि खरेदीदाराच्या थकबाकीलाही तोच लागतो. महारेरा आदेश देते. बिल्डरने पैसे दिले नाहीत तर वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायची असते. तिथून ती फाइल तहसीलदारांकडे येते. तहसीलदारांना निवडणूक असते, पंचनामे असतात, मंत्र्यांचा दौराही असतो.

ताबा दोन प्रकारचा. पहिला खरा, भोगवटा प्रमाणपत्रानंतरचा. दुसरा ‘फर्निचरसाठी’, म्हणजे प्रमाणपत्राआधी चावी देण्याचा. फर्निचरसाठी मिळालेल्या चावीने वास्तुशांत होते, दूध उतू जाते आणि महिन्याभरात मुलांची शाळा बदलते. प्रमाणपत्र नाही म्हणून नळाचे पाणी नाही, नळाचे पाणी नाही म्हणून टँकर, आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये. हा मेंटेनन्स दोन वर्षांचा आगाऊ घेतलेला असतो आणि आठ महिन्यांत संपतो. उघड्यावरचे आणि स्टिल्टमधले पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. तेव्हापासून बिल्डर ते विकत नाहीत, ‘अलॉट’ करतात आणि त्याच्या रकमेला दुसरे नाव देतात.

पहिल्या पावसाळ्यात बेडरूमच्या छताला ओल येते. बांधकामातील दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षे बिल्डरची असते आणि तक्रारीनंतर ३० दिवसांत तो दोष विनाखर्च दूर करायचा असतो. बिल्डर माणूस पाठवतो. माणूस ओल पाहतो, फोटो काढतो आणि ‘वरच्यांनी बाथरूममध्ये काहीतरी केलंय’ असे निदान करून जातो. वरचा मजला अजून विकलेला नसतो.

निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१ टक्के सदनिकांचे बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांत संस्था नोंदणीसाठी बिल्डरने अर्ज करायचा असतो. संस्था स्थापन होते, अध्यक्षपदासाठी कोणी उभे राहत नाही आणि पहिल्या सभेत कुत्र्यांवर तीन तास चर्चा होते. इमारतीखालची जमीन तोवर बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावे असते. ती संस्थेच्या नावे करून देण्यास तो टाळाटाळ करू लागला, तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. अर्जासोबत सदनिकेच्या नोंदणीकृत कराराची प्रत जोडावी लागते. ती शोधायला सेक्रेटरी घरोघर फिरतात. मूळ करार बहुतेकांचा बँकेत असतो आणि झेरॉक्स ज्या पिशवीत ठेवली होती ती, घर बदलताना, जुन्या भाड्याच्या घराच्या माळ्यावर राहिलेली असते.