पासिंग : साहित्य आणि कृती

व्यावसायिक वाहन रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे, यावर सरकारी शिक्का मिळवण्याच्या विधीला पासिंग म्हणतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार योग्यता प्रमाणपत्राशिवाय ट्रक किंवा बसची नोंदणी वैध धरली जात नाही. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी हा विधी करावा लागतो. मधल्या काळात वाहन योग्य असतेच, कारण तसे कागदावर लिहिलेले असते.

विधीला लागणारे सुरक्षा साहित्य दोन प्रकारचे : स्थावर आणि जंगम. स्थावर साहित्य गाडीला चिकटवलेले किंवा स्क्रूने जखडलेले असते. रिफ्लेक्टरच्या पट्ट्या यात मोडतात : पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. त्या पासिंगच्या सकाळी धुळीवरच चिकटवतात आणि पहिल्या पावसात त्या धुळीसकट निघतात. वेगनियंत्रकही स्थावरच. १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार होणाऱ्या बहुतेक बस-ट्रकना तो ताशी ८० किलोमीटरवर बांधून येतो. पुढे २०१८ च्या अधिसूचनेने द्रुतगती मार्गावर बसला ताशी १०० किलोमीटरची मुभा दिली. एका नियमाने जो वेग गाठूच द्यायचा नाही, त्याला दुसऱ्या नियमाची हरकत नाही. ड्रायव्हरमंडळींनी हा पेच एक वायर उपसून सोडवला आहे. पासिंगच्या आदल्या रात्री ती वायर पुन्हा जोडली जाते.

जंगम साहित्यात अग्रपूजेचा मान अग्निशामक सिलिंडरचा. तो गाडीत नसतो. पासिंगच्या मैदानाच्या फाटकाबाहेर टपरीवर असतो. गाडी रांगेला लागली की तो क्लीनरच्या काखेतून केबिनमध्ये येतो. निरीक्षक खिडकीतून डोकावतो, लाल काहीतरी दिसते, रकान्यात बरोबरची खूण होते. गाडी वळून बाहेर पडते न पडते तोच एजंटचा पोऱ्या दाराशी हजर असतो. ‘‘दादा, बाटला द्या लवकर, मागची गाडी आत चाललीय.’’ बाटला मागच्या गाडीत जातो, तिथून त्याच्या मागच्या. लग्नसराईत एकच घोडा चार वराती उरकतो, तसा हा प्रकार. घोड्याला मधे चारा तरी घालावा लागतो, सिलिंडरला तेही नाही. त्याच्या एका अंगाला पोचा असतो, नळी सुतळीने बांधलेली असते, दाबाच्या काट्यावर काच नसते आणि काटा बारा महिने हिरव्या पट्ट्यात असतो. आत कोरडी पावडर असते. तिची निगा राखली नाही तर ती तळाशी घट्ट बसते आणि ऐनवेळी खटका दाबला तरी बाहेर येत नाही. बदलायला हवी ती पावडर. बदलते ते तारखेचे स्टिकर. हल्ली पारदर्शकतेसाठी तपासणीचे फोटोही काढतात. त्यामुळे तोच पोचा आणि तीच सुतळी वाळूच्या डंपरमध्ये दिसते, दुधाच्या टँकरमध्ये दिसते, शाळेच्या बसमध्येही दिसते. संगणक सगळे फोटो निमूटपणे साठवून ठेवतो.

सेवाज्येष्ठतेचा विचार केला तर परिवहन खात्यात सिलिंडरइतका अनुभवी कर्मचारी दुसरा नाही. तो रजा घेत नाही, बदलीसाठी वशिला लावत नाही, जेवणाच्या सुट्टीतही दोन गाड्या पास करून देतो. निरीक्षक येतात आणि जातात, सिलिंडर जागेवर असतो. त्याचे सेवापुस्तक उघडून त्याला आश्वासित प्रगती योजनेचा लाभ द्यायला तांत्रिकदृष्ट्या काही अडचण दिसत नाही. उरतो प्रश्न आगीचा. शेकडो गाड्यांत मिळून सिलिंडर एक असेल, तर आगींनीही शिस्त पाळायला हवी. सोमवारी टँकर, मंगळवारी स्लीपर कोच, बुधवारी कापसाचे ट्रक, असे वेळापत्रक लावून गाड्यांनी ठरल्या वारी, कार्यालयीन वेळेत आणि शक्यतो मैदानाच्या जवळपास पेट घ्यावा, म्हणजे पोऱ्याला सिलिंडर घेऊन पळणे सोयीचे जाईल. सुट्टीच्या दिवशी आणि रात्री बारानंतर लागलेल्या आगी नियमबाह्य समजाव्यात. तूर्त असे परिपत्रक नसल्याने आगी वाटेल तेव्हा लागतात आणि वरच्या बर्थवर झोपलेल्या माणसाला काच फोडायला हातोडा सापडत नाही. हातोडा चोरीला जाऊ नये म्हणून डिकीत, पान्यांच्या पेटीत ठेवलेला असतो.

प्रथमोपचार पेटी बहुधा गाडीचीच असते. तिच्यात गंजकी कात्री, तंबाखूची पुडी आणि गेल्या खेपेच्या टोलच्या पावत्या असतात.

वाहनानंतर चालक. त्याचेही कागद पाहिले जातात : लायसन्स, बॅज आणि डॉक्टरने नमुना १-अ वर दिलेला दाखला. डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते, एवढे त्यावरून सिद्ध होते. दाखला दिल्यानंतर ते डोळे सलग किती तास उघडे आहेत, हे विचारणारा रकाना तपासणीच्या कोणत्याच तक्त्यात नाही. यामागचे तत्त्व सरळ आहे. जे टपरीवर भाड्याने मिळते, तेच तपासले जाते. झोप भाड्याने मिळत नाही. तिची तपासणी सुरू केली तर एकही गाडी पास होणार नाही.

कायदा नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. मोटार परिवहन कामगार कायद्याने १९६१ सालीच ठरवून दिले : दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि विश्रांती धरून सगळे काम १२ तासांच्या आत. लांब पल्ल्यासाठी सवलत दिली तीही दिवसाला १० तासांपर्यंतच. २०२० च्या कामगार संहितेने आठाचा आकडा तसाच ठेवला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये झाले, तेव्हा त्यांत नॅशनल परमिटच्या ट्रकवर दोन चालक आणि मागे एकाला आडवे होता येईल असा पूर्ण रुंदीचा बाक, अशी अटही होती. बाक आले. त्यांवर स्टोव्ह, पाण्याचा कॅन, ताडपत्री आणि वाटेत घेतलेल्या सवाऱ्या आल्या. दुसरा चालक कागदावर आला. गाडीत त्याच्या जागी क्लीनर असतो आणि पहाटे तीन वाजता, ड्रायव्हरची मान कलली की, स्टिअरिंग त्याच्या हातात जाते. त्याच्याकडे लायसन्स नसते, पण तो निदान जागा असतो.

चालकाचे तास मोजणे अवघड आहे, हे शासकीय उत्तर इथे नोंदवणे आवश्यक आहे. मालाचे तास मोजणे अजिबात अवघड नाही. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, अशी बांधलेली आहे. ती टळून गेली तर माल अडतो, दंड होतो. फास्टॅगमुळे गाडी कोणत्या नाक्यावरून किती वाजून किती मिनिटांनी गेली, हे सरकारला कळते. संध्याकाळी पनवेलजवळ टोल भरलेला ट्रक सकाळी नागपूरच्या वेशीवर टोल भरतो, तेव्हा मधल्या रात्री ड्रायव्हर कुठे झोपला, हे तिसरीतला पोरगा वजाबाकी करून सांगेल. ती वजाबाकी कुणी करत नाही, कारण तिच्यातून महसूल निघत नाही. फरशीला मुदत आहे, सिमेंटच्या गोणीला मुदत आहे. ती वाहून नेणाऱ्या माणसाला नाही. तो खेपेवर पैसे घेतो आणि थांबला तर त्याचा भत्ता थांबतो. ही लबाडी ड्रायव्हरची नव्हे. ती टेबलावर बसून ८ तासांचा नियम लिहिणाऱ्या आणि ‘सकाळी सातला माल पोचला पाहिजे’ असे फोनवर सांगणाऱ्या, अशा दोघांची मिळून आहे, आणि दोघांनाही रात्री चांगली झोप लागते.

झोपेवर सरकारी उपाय दोन. पहिला नामकरणाचा. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर अपघात होऊ लागले, तेव्हा चर्चेत ‘रोड हिप्नॉसिस’ आले. सरळ, एकसुरी रस्त्यावर लक्ष बधिर होते, हे खरेच आहे. पण झोप लागली म्हटले की किती तास ड्यूटी झाली, हा प्रश्न येतो; संमोहन झाले म्हटले की प्रश्न रस्त्याकडे जातो आणि रस्त्याला जबाब द्यावा लागत नाही. दुसरा उपाय रस्ता सुरक्षा अभियानाचा. जानेवारीत टोलनाक्यावर मांडव पडतो. रात्रभर गाडी हाकून आलेल्या ड्रायव्हरला खाली उतरवतात, गुलाबाचे फूल देतात, डोळे तपासतात, लाल दिसल्यास थेंब घालतात आणि हात पुढे करून शपथ घ्यायला लावतात. तो शपथ घेत असताना मागे गाड्यांची रांग लागते. मग त्या मांडवात वाया गेलेला वेळ भरून काढण्यासाठी तो पुढे जोरात गाडी मारतो.

२०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. हा नियम चांगला आहे. चाळीस अंशांत इंजिनाशेजारी चौदा तास बसणे आता थंड हवेत चौदा तास बसणे होईल.

शेवटचा टप्पा अपघाताचा. घटनास्थळी पंचनामा होतो, कागद तपासले जातात आणि योग्यता प्रमाणपत्र वैध असल्याचे निष्पन्न होते. त्यामुळे वाहन निर्दोष ठरते, पासिंग निर्दोष ठरते. निष्काळजीपणाचा गुन्हा चालकावर दाखल होतो. तो अपघातात मेला असेल तर मृत चालकावर. आरोपी हयात नसल्याने तपास पुढे जात नाही आणि प्रकरण निकाली निघते. मालकाला विमा मिळतो आणि चालकाची एक जागा रिकामी होते. ती भरण्यासाठी लायसन्स, बॅज, नमुना १-अ आणि रात्री जागण्याची तयारी एवढी पात्रता पुरते.