शेगडीचा मेकअप

लोखंडी शेगडी आगीने क्वचित मरते, बहुतेकदा ती विश्रांतीने मरते. पावसाळ्यात हातगाडीवर कणसं भाजणाऱ्याची शेगडी बघा. काळीकुट्ट, एका पायाने लंगडी, कडी तारेने बांधलेली, पण गंज म्हणाल तर नावाला. उलट ‘गॅस संपला तर असू दे’ म्हणून पडवीत गोणपाटाखाली जपलेली शेगडी चार पावसाळ्यांनी उचलावी, तर कडी हातात येते आणि शेगडी जागच्या जागी राहते. याचं कारण साधं आहे. गंजायला लोखंडाला हवा आणि पाणी दोन्ही लागतात. रोज तापणाऱ्या पत्र्यावर पाणी टिकत नाही. जपलेल्या शेगडीत मात्र शेवटच्या स्वयंपाकाची राख तशीच असते, ती कोकणातली दमट हवा पिऊन बसते आणि तळाच्या पत्र्याला ओल पाजत राहते. अतितापाने लोखंड झिजत नाही असं नाही. जाळीचे पापुद्रे सुटतात ते त्यामुळेच. पण जाळी बदलता येते. तळ गेला की शेगडी गेली.

तरीही आपला सगळा विश्वास रंगावर. दिवाळी आली की चंदेरी रंगाचा डबा आणायचा आणि खिडकीच्या गजांबरोबर शेगडीलाही हात फिरवायचा. असा रंग लोखंडाला लागतच नाही, तो गंजाला लागतो. गंज सच्छिद्र, भुसभुशीत. शिवाय मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापणारा. तो आतून फुगतो आणि रंगाचे पोपडे घेऊन गळतो. थोडक्यात, आपण पैसे मोजून गंजाचा मेकअप केलेला असतो. खरं काम खरवडण्याचं आहे: तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग थिनरचं फडकं, आणि हे सगळं कोरड्या दिवशी. या कामाचं कुणी कौतुक करत नाही, कारण ते संपल्यावर शेगडी पूर्वीपेक्षा वाईट दिसते.

जाणकार यावर म्हणतील, आधी रेड ऑक्साइडचा हात मारा. खिडकीच्या गजांना जरूर मारा. पण या लाल रंगातला लाल म्हणजे लोखंडाचं ऑक्साइडच, गंजाचा आणि गेरूचा सख्खा भाऊ. फरक इतकाच, की त्याचं गंजणं आधीच उरकलेलं असतं आणि त्याला धरून ठेवायला तेलकट माध्यम असतं. शेगडीवर नेमकं ते माध्यमच जळतं. मागे उरते लाल भुकटी, म्हणजे जी खरवडून काढली होती तीच, यावेळी दुकानातून विकत आणलेली.

मग काही अभिमानी मंडळी दिल्लीचा लोहस्तंभ पुढे करतात: सुमारे १६०० वर्षं रंगाचा थेंबही न लावता उभा आहे की नाही? आहे. पण आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचं कारणही सांगितलंय. त्या लोखंडात फॉस्फरस भरपूर, त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर धरला. हल्लीच्या पोलादात फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवतात, कारण तो पोलाद ठिसूळ करतो. त्यातून आपली शेगडी बहुधा जुन्या पिंपाच्या पत्र्याची. तिच्याकडून गुप्तकाळाची अपेक्षा करणं हा तिच्यावर अन्याय आहे.

रंग लावायचाच तर उष्णतारोधक लावावा. सिलिकॉनच्या माध्यमातला ॲल्युमिनियम रंग मिळतो, त्यातले काही ६०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतात. दोन पातळ हात पुरेत; जाड थर तापला की फुगतो. हा रंग नुसता वाळून पक्का होत नाही, तापल्यावर होतो, आणि तसा होताना धूर सोडतो. म्हणून पहिला जाळ अंगणात, रिकाम्या शेगडीवर. आतून मातीचं लिंपण नव्याने द्यावं, म्हणजे निखाऱ्यांची धग थेट पत्र्याला लागत नाही आणि रंगाचंही आयुष्य वाढतं.

‘एवढ्या खटाटोपापेक्षा नवीच घेऊ’ हा आक्षेप मला पटण्यासारखा वाटतो, फक्त नवी शेगडीही त्याच पडवीत त्याच राखेसकट ठेवायची नसेल तर. आणि उत्साहाच्या भरात जाळीला रंग लावू नये. तिच्यावर वांगं भाजायचं असतं. भरीत चंदेरी झालेलं कुणालाच आवडत नाही.